फिफो स्मृतीतील स्थितिध्वज : रचना आणि विश्वासार्हता

१. प्रास्ताविक

दोन यंत्रणांनी परस्परांशी माहितीची देवघेव करावयाची, परंतु दोघींची गती मात्र एक नसावी, हा प्रसंग अंकीय यंत्ररचनेत पावलोपावली येतो. देणारी यंत्रणा कधी एकदम पुष्कळ देते, कधी दीर्घकाळ काहीच देत नाही. घेणारी यंत्रणा आपल्या सवडीने घेते. अशा वेळी दोहोंच्या मध्ये एक लहानशी स्मृती ठेवितात. तीत जो शब्द आधी आला तो आधी बाहेर पडतो. या नियमाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून अशा स्मृतीला ‘फिफो’ हे नाव पडले व तेच सर्वत्र रूढ आहे.

फिफोची साठवण समजण्यास सोपी आहे. कठीण आहे ते तिच्या स्थितीचे ज्ञान. स्मृती भरलेली असताना देणाऱ्याने आणखी एक शब्द लिहिला, तर एक शब्द नष्ट होतो. स्मृती रिकामी असताना घेणाऱ्याने वाचन केले, तर त्याच्या हाती एखादा जुना, शिळा शब्द येतो. या दोन प्रमादांपैकी दुसरा अधिक घातक म्हटला पाहिजे. हरवलेल्या शब्दाची उणीव मोजणीत निदान उघडकीस येण्याचा संभव असतो. खोटा शब्द मात्र खऱ्याच्या पंक्तीस बसतो आणि त्याच्याविषयी कोणासही संशय येत नाही. हे दोन्ही प्रमाद टळावेत म्हणून फिफो आपल्या स्थितीची सूचना एकेका तारेवरून देत असते. ‘रिकामी’, ‘भरलेली’, ‘अर्धी भरलेली’, ‘जवळजवळ भरलेली’ अशा या सूचनांना फ्लॅग म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना स्थितिध्वज अथवा नुसते ध्वज म्हटले आहे.

ध्वज हे एक विधान आहे. मग ते विधान नेहमीच खरे असते काय? आणि नसल्यास, ते कोणत्या बाजूने खोटे असले तर चालेल? या दोन प्रश्नांचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. घसरत्या शब्दांची जुनी रचना

प्रारंभीच्या फिफोंत शब्द खरोखरीच जागा बदलीत. ६४ कप्पे व प्रत्येक कप्प्यात ४ बिटे अशी रचना असलेले ६७४०१ हे एकसंध मंडल या जातीचे होते. पहिल्या कप्प्यात टाकलेला शब्द पुढचा कप्पा रिकामा दिसला की त्यात सरके, तेथून त्याच्या पुढच्यात, आणि असे करीत शेवटच्या टोकाला जाऊन थांबे. या रचनेत ध्वज मिळविणे अगदी सोपे होते. पहिला कप्पा मोकळा असेल तर ‘घेण्यास सिद्ध’, शेवटचा कप्पा भरलेला असेल तर ‘देण्यास सिद्ध’. दोनच सूचना, आणि दोन्ही एकेका कप्प्याच्या स्थितीवरून थेट मिळणाऱ्या.

परंतु या सोपेपणाची किंमत वेळात मोजावी लागे. रिकाम्या फिफोत टाकलेला पहिला शब्द ६४ कप्पे ओलांडीपर्यंत दुसऱ्या टोकाला काहीच कळत नसे. उलट, भरलेल्या फिफोतून एक शब्द काढला म्हणजे शेवटी झालेली पोकळी एकेक कप्पा मागे सरकत पहिल्या कप्प्यापर्यंत येई, आणि तोवर ‘घेण्यास सिद्ध’ हा ध्वज उभा राहत नसे. म्हणजे स्मृती जितकी खोल, तितकी बातमी उशिरा. बातमीचा हा उशीर विसरता कामा नये. रचना बदलली तरी तो नाहीसा होत नाही, त्याचे स्वरूप तेवढे बदलते, हे पुढे दिसून येईल.

३. वर्तुळाकार स्मृती आणि एक संदिग्धता

आजच्या फिफोत शब्द जागचे हलत नाहीत. हलतात ते दर्शक. स्मृतीचे कप्पे रहाटाच्या माळेप्रमाणे वर्तुळात मांडले आहेत अशी कल्पना करावी. पुढचा शब्द कोठे लिहावयाचा हे लेखनदर्शक सांगतो. पुढचा शब्द कोठून वाचावयाचा हे वाचनदर्शक सांगतो. प्रत्येक लेखनानंतर पहिला व प्रत्येक वाचनानंतर दुसरा एकेक पाऊल पुढे जातो, आणि शेवटच्या कप्प्यानंतर पुन्हा पहिल्यावर येतो.

येथे एक संदिग्धता उत्पन्न होते. वाचनदर्शकाने लेखनदर्शकास गाठले तर स्मृती रिकामी आहे, म्हणजे दोन्ही दर्शक समान आहेत. परंतु लेखनदर्शकाने एक फेरा पुरा करून वाचनदर्शकास मागून गाठले, तर स्मृती भरलेली आहे. आणि त्याही वेळी दोन्ही दर्शक समानच आहेत! दोन टोकांच्या स्थितींचे बाह्य लक्षण एकच.

ही संदिग्धता दूर करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे एक कप्पा नेहमी मोकळा ठेवणे. मग दर्शक समान होतात ते केवळ रिकाम्या स्थितीत. दुसरा म्हणजे शब्दसंख्या मोजणारा स्वतंत्र गणक ठेवणे. लेखन व वाचन एकाच क्लॉकवर चालत असेल तर हा मार्ग उत्तम आहे. दोन क्लॉक असतील तर एकाच गणकावर दोन स्वतंत्र धन्यांची हुकमत चालणार कशी, हा प्रश्न उभा राहतो. तिसरा मार्ग अधिक मोहक आहे. दर्शकाला जरुरीपेक्षा एक बिट अधिक द्यावयाचे. आठ कप्प्यांसाठी तीन बिटे पुरतात. आपण चार घेऊ. खालची तीन बिटे कप्प्याचा क्रमांक सांगतील, आणि वरचे बिट फेरा सम आहे की विषम हे सांगेल. चारही बिटे समान असतील तर स्मृती रिकामी. खालची तीन समान व वरचे भिन्न असेल तर लेखनदर्शक बरोबर एक फेरा पुढे आहे, म्हणजेच स्मृती भरलेली. शिवाय दोन दर्शकांची सोळाच्या मापाने वजाबाकी केली की आतील शब्दांची संख्याही आपोआप मिळते. एकही कप्पा वाया जात नाही, आणि प्रत्येक दर्शकाचा धनी एकच राहतो. हा शेवटचा गुण पुढील विवेचनाचा पाया आहे.

४. दोन क्लॉक आणि त्रिशंकू अवस्था

आतापर्यंतचा विचार एका क्लॉकपुरता होता. लेखन एका क्लॉकवर व वाचन दुसऱ्या, सर्वस्वी स्वतंत्र क्लॉकवर होत असेल तर परिस्थिती पालटते. ‘भरलेली’ हा ध्वज लेखकाला हवा असतो, म्हणून तो लेखनाच्या क्लॉकवर तयार झाला पाहिजे; पण त्यासाठी वाचनदर्शक लागतो, आणि तो तर दुसऱ्या क्लॉकवर बदलत असतो. ‘रिकामी’ या ध्वजाची अडचण याच्या नेमकी उलट. याचा अर्थ, प्रत्येक बाजूने दुसऱ्या बाजूचा दर्शक पाहिला पाहिजे, आणि तो बदलत असतानाच पाहण्याची पाळी केव्हा ना केव्हा येणारच.

फ्लिप-फ्लॉपला आदान ज्या क्षणी टिपावयाचे त्याच क्षणी ते बदलत असेल, तर त्याचे निर्गत शून्य व एक यांच्या दरम्यान काही काळ लोंबकळत राहू शकते. टेकडीच्या माथ्यावर ठेवलेला गोळा अलीकडे पडावा की पलीकडे हे न ठरल्यामुळे क्षणभर तेथेच थबकावा, तसे हे आहे. या मितस्थायी अवस्थेला त्रिशंकू अवस्था म्हटले तरी शोभेल. टी. जे. चेनी व सी. ई. मोल्नार यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ही अवस्था प्रत्यक्ष दर्शविली. तोपर्यंत अनेक रचनाकार तिचे अस्तित्वच मानावयास तयार नव्हते.

या अवस्थेचा काळ कितीही लांबू शकतो, त्याला निश्चित अशी वरची मर्यादा नाही. परंतु ती अवस्था अधिकाधिक काळ टिकण्याची संभाव्यता घातांकी वेगाने घटते, आणि रचनाकाराला आधार आहे तो याच गोष्टीचा. समजा, फ्लिप-फ्लॉपचा सावरण्याचा कालांक ५० पिकोसेकंद आहे. त्याला १ नॅनोसेकंद अधिक अवधी दिला, तर तो अवधी कालांकाच्या २० पट झाला. आणि ‘ई’ या संख्येचा विसावा घात सुमारे ४८.५ कोटी होतो. दोन बिघाडांमधील सरासरी काळ एवढ्या पटीने वाढला! म्हणूनच परक्या क्लॉकवरून येणारे प्रत्येक बिट एकामागे एक ठेवलेल्या दोन फ्लिप-फ्लॉपांतून घेण्याची प्रथा आहे. पहिला त्रिशंकू झाला तरी दुसऱ्याने टिपण्यापूर्वी त्याला सावरण्यास जवळजवळ एक पूर्ण आवर्तकाल मिळतो. या जोडीला समकालक म्हणू. समकालकामुळे धोका शून्य होत नाही, तो उपेक्षणीय होतो. हा भेद विद्यार्थ्यांनी विसरू नये.

५. ग्रे संकेताची आवश्यकता

समकालक एका बिटाचे रक्षण करतो. दर्शक मात्र अनेक बिटांचा असतो, आणि येथे नवाच धोका उपस्थित होतो. साध्या द्विमान पद्धतीत ७ नंतर ८ येताना ०१११ चे १००० होते, म्हणजे चारही बिटे एकाच वेळी बदलतात. त्याच क्षणी दुसऱ्या क्लॉकने ती टिपली, तर प्रत्येक बिट स्वतंत्रपणे जुने वा नवे ठरेल, आणि सोळांपैकी कोणतीही संख्या हाती येऊ शकेल. वाचनदर्शक ७ वर उभा आहे व लेखनदर्शक ७ वरून ८ वर जात आहे असे समजा. आत शब्द फार तर एक. पण टिपलेली संख्या ११११, म्हणजे १५, निघाली तर वजाबाकी ८ येईल आणि ‘अर्धी भरलेली’ हा ध्वज एका आवर्तनापुरता उभा राहील. तो पाहून चार-चार शब्दांचा घास घेणारी वाचक-यंत्रणा कामास लागली, तर तिने घेतलेल्या चारांपैकी तीन शब्द खोटे असू शकतील. येथे दोष समकालकाचा नाही. त्याने प्रत्येक बिट शुद्ध शून्य वा शुद्ध एक करून दिले होते. दोष आहे तो बिटांच्या परस्परसंगतीचा.

याचा उपाय म्हणजे दर्शक अशा संकेतात मांडणे, की ज्यात लागोपाठच्या दोन संख्यांत एकच बिट बदलेल. हा संकेत बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांना १९५३ साली मिळालेल्या अमेरिकन पेटंटात तो वर्णिलेला आहे. ग्रे यांच्या डोळ्यांपुढे फिफो नव्हती, विद्युत्-दाबाचे अंकांत रूपांतर करणारी नलिका होती. पण दोन्हीकडील अडचण एकाच कुळातील आहे. द्विमान संख्या एक घर उजवीकडे सरकवून मूळ संख्येशी बिटागणिक ‘भिन्न की समान’ अशी तुलना केली, व भिन्न तेथे १, समान तेथे ० मांडला, की ग्रे संकेत मिळतो. या रीतीने ७ चे ०१०० व ८ चे ११०० होते. बदलते ते केवळ वरचे बिट. १५ चे १००० होते व ० चे ००००, तेव्हा फेरा संपतानाही एकच बिट बदलते. आता बदलाच्या ऐन क्षणी टिपले तरी उत्तर एकतर जुनी संख्या येईल वा नवी. तिसरी येणे शक्य नाही.

येथे अभ्यासकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. लेखनाचा क्लॉक वाचनाच्या क्लॉकहून पुष्कळ जलद असेल, तर वाचनाच्या दोन टिपणांच्या दरम्यान लेखनदर्शक पाच-सहा पावले पुढे जाईल, अनेक बिटे बदलतील. मग ग्रे संकेताचा उपयोग काय? समाधान असे की, दोन टिपणांच्या दरम्यान किती बिटे बदलली याला महत्त्व नाही. टिपण्याच्या क्षणी किती बिटे बदलत होती याला आहे, आणि त्या क्षणी एकाहून अधिक बिट बदलत नसते. मात्र यासाठी एक अट पाळावी लागते. निरनिराळ्या बिटांच्या तारांतील विलंबाचा फरक उगमाच्या क्लॉकच्या एका आवर्तकालापेक्षा कमी असला पाहिजे. तसे नसेल, तर मागच्या पावलाचे बिट व पुढच्या पावलाचे बिट एकदम पोहोचतील आणि संकेताचा सर्व लाभ वाया जाईल. तर्कमंडल निर्दोष असूनही प्रत्यक्ष चकतीवर फिफो क्वचित चुकते, त्याचे कारण पुष्कळदा या दुर्लक्षित अटीत सापडते.

ग्रे संकेतात ‘भरलेली’ या स्थितीची कसोटी थोडी बदलते, हेही नमूद केले पाहिजे. एका फेऱ्याच्या अंतरावरील दोन संख्यांत ग्रे संकेताची वरची दोन्ही बिटे भिन्न व बाकीची समान असतात. ० चे ०००० व ८ चे ११०० हे उदाहरण वर आलेच आहे. द्विमान पद्धतीतील ‘केवळ वरचे बिट भिन्न’ ही कसोटी येथे लावल्यास ध्वज चुकीचा ठरतो. तसेच हे सर्व सरळपणे साधते ते कप्प्यांची संख्या २ चा पूर्ण घात असेल तेव्हा. म्हणून अशा फिफोंची खोली बहुधा ८, १६, ५१२, १०२४ अशी असते.

६. चूक कोणत्या बाजूला?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समकालकातून येणारा दर्शक दोन आवर्तने जुना असतो. मग त्यावरून काढलेला ध्वज खरा कसा असेल? उत्तर असे की, तो नेहमीच खरा नसतो, पण तो सुरक्षित बाजूनेच चुकतो.

लेखकाची बाजू घ्या. लेखकाला स्वतःचा दर्शक ताजा दिसतो, वाचकाचा शिळा. वाचनदर्शक फक्त पुढेच जातो. त्यामुळे शिळा दर्शक खऱ्या दर्शकाच्या मागे असेल किंवा बरोबर असेल, पुढे कधीच नसेल. परिणामी लेखकाला स्मृती प्रत्यक्षाहून अधिक भरलेली भासेल, कमी कधीच नाही. स्मृती भरते ती लेखकाच्याच कृतीने, आणि ती कृती त्याला तत्काळ ज्ञात असते; म्हणून ‘भरलेली’ हा ध्वज चढतो तो वेळेवर. स्मृती मोकळी होते ती वाचकाच्या कृतीने, आणि तिची वार्ता उशिरा येते. म्हणून ध्वज उतरतो तो उशिराने. वाचकाच्या बाजूस हाच तर्क उलट लागू पडतो. त्याला स्मृती प्रत्यक्षाहून अधिक रिकामी भासते. ‘रिकामी’ हा ध्वज तत्काळ चढतो व सावकाश उतरतो. दोन्ही ध्वज थोडे निराशावादी आहेत, आणि त्यांच्या निराशावादातच माहितीचे रक्षण आहे.

यातून एक तात्त्विक गोष्टही निष्पन्न होते. ‘या क्षणी फिफोत किती शब्द आहेत?’ या प्रश्नाला लेखकाच्या बाजूने एक उत्तर मिळते, वाचकाच्या बाजूने दुसरे. दोहोंचा ‘हा क्षण’ एक नसल्यामुळे दोन्ही उत्तरे आपापल्या जागी वापरण्यास योग्य आहेत. लेखकाची संख्या वाचकास किंवा वाचकाची लेखकास देणे हा मात्र प्रमाद होय, कारण मग चुकीची बाजूच उलटते.

सुरक्षिततेची किंमत येथेही वेळातच द्यावी लागते. एक शब्द लिहिल्यापासून त्याची वार्ता वाचकाकडे जाऊन, त्याने तो वाचून, मोकळ्या जागेची वार्ता लेखकाकडे परत येईपर्यंत, दोन्ही क्लॉक सारख्याच गतीचे असले तरी, सुमारे आठ आवर्तने जातात. फिफो चारच कप्प्यांची असेल तर आठ आवर्तनांत चारच शब्द पलीकडे जातील. लेखक व वाचक दोघेही तत्पर असून निम्मा वेळ वाया जाईल. म्हणून फिफोची खोली ठरविताना माहितीच्या लोंढ्याइतकाच बातमीच्या उशिराचाही हिशेब केला पाहिजे.

७. आगाऊ सूचना देणारे ध्वज

‘भरलेली’ ही सूचना अचूक वेळी मिळाली तरी ती पुरेशी असतेच असे नाही. लेखक-यंत्रणेत पाच टप्पे असतील, तर थांबण्याचा हुकूम मिळाल्यावरही आधीच वाटेला लागलेले पाच शब्द येऊन थडकणारच. ध्वज रजिस्टरमध्ये टिपला जाण्यास एक व लेखकापर्यंत पोहोचण्यास दोन आवर्तने लागत असतील, तर आणखी तीन शब्दांची भर पडेल. तेव्हा ‘जवळजवळ भरलेली’ हा ध्वज निदान आठ कप्पे मोकळे असतानाच चढला पाहिजे. हा आकडा अंदाजाने न ठरविता वाटेतील प्रत्येक टप्पा मोजून ठरवावा.

या ध्वजांचा व्यवहारातील परिणाम पाहण्यास १६५५०ए या क्रमिक-संदेशवहन मंडलाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९८१ सालच्या आयबीएम पीसीत याच कामासाठी ८२५० हे मंडल होते व त्यात आलेले अक्षर ठेवण्यास एकच जागा होती. सेकंदास १,१५,२०० बिटे व प्रत्येक अक्षरामागे १० बिटे या गतीने सेकंदास ११,५२० अक्षरे येतात, म्हणजे दर ८६.८ मायक्रोसेकंदांस एक. तेवढ्या अवधीत प्रक्रियकाने ते उचलले नाही तर पुढील अक्षर त्यावर येऊन आदळे. १६५५०ए मध्ये घेण्याच्या बाजूस १६ अक्षरांची फिफो आहे आणि इंटरप्टचा सीमांक १, ४, ८ किंवा १४ असा निवडता येतो.

सीमांक ८ ठेवला तर इंटरप्टची संख्या सेकंदास १,४४० वर येते. आठवे अक्षर आल्यानंतर आणखी आठ मावतात. अनर्थ होतो तो नवव्याचे ग्रहण पुरे झाल्यावर. म्हणजे प्रक्रियकाला ९ अक्षरांचा अवधी, सुमारे ७८१ मायक्रोसेकंद, मिळतो. सीमांक १४ केला तर इंटरप्ट आणखी कमी होऊन सुमारे ८२३ होतात. पण सवड उरते ती केवळ ३ अक्षरांची, २६० मायक्रोसेकंदांची. ‘भार कमी’ व ‘सवड अधिक’ या दोहोंपैकी एक दिल्याशिवाय दुसरे मिळत नाही. सीमांकाची निवड म्हणजे या व्यवहाराचा निवाडा होय.

याच मंडलातील दोन बारकावे लक्षात घेण्याजोगे आहेत. सीमांक ८ असताना संदेशाची शेवटची तीनच अक्षरे आली तर ध्वज कधीच चढणार नाही व ती आत पडून राहतील. म्हणून चार अक्षरांच्या अवधीत नवे अक्षर आले नाही व कोणी वाचनही केले नाही, तर मंडल आपण होऊन इंटरप्ट देते. संख्येवर आधारलेल्या ध्वजाला काळाची जोड अशी द्यावी लागते. दुसरा बारकावा म्हणजे ओसंडल्याची खूण. अक्षर गमावले गेले तर स्थिति-रजिस्टरातील एक बिट उभे राहते आणि ते रजिस्टर वाचले जाईपर्यंत तसेच राहते. गेलेले अक्षर त्यामुळे परत येत नाही. पण हानी झाली हे सत्य लपत नाही. ज्या प्रयोगात मापनांची मालिका फिफोतून जाते, तेथे अशी टिकून राहणारी खूण ठेवणे व प्रत्येक मालिकेनंतर ती तपासणे हे संशोधकाचे कर्तव्यच मानले पाहिजे. तसे न केल्यास आलेखातील एखादी उडी निसर्गाची की ओसंडलेल्या स्मृतीची, हे नंतर कोणासही सांगता येणार नाही.

८. उपसंहार

सारांश, स्थितिध्वज हे फिफोच्या अंतरंगाचे तत्काळ प्रतिबिंब नसून एका बाजूला, थोड्या विलंबाने, पोहोचलेली वार्ता आहे. जादा बिटाने तिची संदिग्धता जाते, समकालकाने ती त्रिशंकू राहत नाही, ग्रे संकेताने ती विसंगत होत नाही. परंतु तिचा उशीर कोणत्याही युक्तीने नाहीसा होत नाही. रचनाकाराच्या हाती आहे ते इतकेच की, त्या उशिरामुळे होणारी चूक माहिती गमावण्याच्या बाजूला न होता वाट पाहण्याच्या बाजूला व्हावी. एखादी फिफो तपासावयास घेताना तिचा ध्वज केव्हा चढतो हे तर विचारावेच. पण तो कोणाच्या क्लॉकवर चढतो, कोणाची शिळी वार्ता पाहून चढतो, आणि चुकला तर कोणाच्या पदरी नुकसान येते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.